थांबवलं तर

३ फेब्रुवारी, सोमवार

आज शिंपीकाकांचा पाय सुटला. बावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतेय, तरी हा क्षण आला की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

काका एकसष्ट वर्षांचे. बायकोला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं म्हणून या वयात शिकायला आलेत. चाळीस वर्षं पायाने शिलाई मशीन चालवलेला माणूस. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवला की तो आपोआप टकटक हलायला लागतो आणि गाडी उचक्या देत चालते. तीन आठवडे ओरडून ओरडून माझा घसा बसला. आज बाजाराच्या चढावर तो पाय एकदम शांत झाला आणि गाडी सरळ वर गेली. काका माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघताय, रस्ता समोर आहे." पण मनातून मीच गहिवरले होते. टनभर लोखंड आणि माणसाचा एक तळपाय, आणि दोघांचं जमून जातं. याचं नवल माझ्याच्याने संपत नाही.

ही वही नणंदबाईची कृपा. जुनं रजिस्टर हातात देऊन म्हणाली, "वहिनी, रोजचं लिहून ठेवत जा, तू हल्ली विसरतेस." मी काही विसरत नाही. पण ३१ मार्चला माझा शिकवण्याचा परवाना संपतोय, नव्यासाठी अर्ज करायचाय, तेव्हा नोंदी असलेल्या बऱ्या. आमच्या घरात कमावती अशी एक गाडी आहे. मी शिकवते आणि नणंदबाई ऑफिस सांभाळते. ऑफिस म्हणजे आमची पुढची खोली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडीचा डावा आरसा कोणीतरी फोडून गेलं. डिसेंबरपासून ही दुसरी वेळ. लोकांना उभी गाडी दिसत नाही म्हणजे कमालच आहे. शिवाय फाटकाच्या खांबाने डाव्या दाराला ओरखडा काढला. हा खांब बावीस वर्षं तिथेच आहे असं नणंदबाई म्हणाली. मग मी काय म्हणतेय?

त्यातलं खरं कारण मला माहीत आहे. दिवसभर शिकवणाऱ्याच्या, म्हणजे डाव्या सीटवर बसायचं आणि घरी येताना उजवीकडे बसून गाडी हाणायची. अंदाज चुकणारच. हा आमच्या धंद्याचाच रोग आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज नव्या पाच जणांना 'थांबवलं तर'चा धडा दिला. हा धडा कुठल्याच पुस्तकात नाही, माझा स्वतःचा आहे. पुढच्या खोलीत खुर्ची ठेवते, शिकणाऱ्याला त्यावर बसवते, हातात ताटाचं स्टिअरिंग देते आणि मी पोलीस होते.

प्यायला असाल तर चालवायचंच नाही, हे पहिलं. त्याला पुढचे मुद्दे नाहीतच. प्यायला नसाल आणि संशयाने थांबवलं, तर गाडी डावीकडे घ्यायची, इंजिन बंद, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे. फुंकायच्या मशीनची नळी नवीन पाकिटातली मागायची. दमाने फुंकायचं. आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. पटला नाही तर रक्त तपासा म्हणायचं. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. हुज्जत घालायची नाही. आणि ओळख सांगायची नाही, मग मामा मंत्री का असेना. शेवटचं म्हणजे, शून्य आलं की किल्ली मागायची आणि निघायचं, तिथे घुटमळायचं नाही.

ओळखीच्या मुद्द्याशी माझा आवाज चढतो. नऊ वर्षांपूर्वी माझा नवरा भर दुपारी कुणाच्या तरी लग्नाच्या जेवणावरून निघाला होता. नको तेवढी घेतली होती. चौकात पोलिसाने हात दाखवला, चेहरा ओळखला, हसला आणि "जा, जा" म्हणाला. पुढे दोन किलोमीटरवर झाड होतं. नणंदबाईचा एकुलता एक भाऊ. तेव्हापासून ती स्टिअरिंगला हात लावत नाही आणि मी हा धडा चुकवत नाही. माझ्या घरात दारूचा थेंब येत नाही. खोकल्याचं औषधसुद्धा मी लेबल वाचून घेते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नणंदबाईचं काहीतरी बिनसलंय. जेवताना ती नेहमी माझ्या डावीकडे बसते. आज खुर्ची उचलून उजवीकडे आली. मी विचारलं तर म्हणाली, "तिकडून बोलले की तू दचकतेस." जेवताना माझ्या ताटात भाजीच नव्हती. तसं म्हटलं, तर तिने माझं ताट अर्धं फिरवलं आणि भाजी समोर आली. जादूच की.

तिने माझी पाण्याची बाटलीही हुंगली. मला वाटतं तिला सर्दी झालीय आणि वास येतोय का ते बघत असेल. मग ही वही उघडून म्हणाली, "पानाच्या मधूनच का सुरुवात करतेस? अर्धा कागद कोरा सोडतेस." मी म्हटलं, मी समास सोडते. शाळेत शिकवलं होतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काकांवर आज खरोखर चिडले. मोकळा रस्ता, सिग्नल हिरवा, आणि यांनी खाडकन ब्रेक मारला. माझं कपाळ काचेवर आपटता आपटता राहिलं. मी म्हटलं, "काका, समोर काय भूत दिसलं का?"

"मॅडम, सायकलवाला होता. डावीकडून आला."

"कुठे?"

"गेला आता."

गेला म्हणे. मी डाव्या सीटवर बसलेली, डावीकडचा माणूस मला दिसणार नाही? बावीस वर्षांत मला न दिसलेली सायकल अजून बनायची आहे. चांगला दम भरला. काकांनी घरापर्यंत गाडी बैलगाडीच्या वेगाने आणली. मला नंतर वाईट वाटलं. भित्रा आहे, पण माणूस सज्जन आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज मला दारूच्या संशयावरून थांबवलं. मला.

सकाळी साडेदहाला काकांना आणायला एकटीच निघाले होते. हल्ली सकाळीही तपासतात, रात्रीची उतरलेली नसते म्हणून. पुलाच्या अलीकडे रस्त्यावर केशरी शंकू मांडले होते, तेही धड नाहीत, तीनचार आडवे पडलेले. एका बाई अधिकाऱ्याने हात केला. मी डावीकडे घेतली, इंजिन बंद, काच खाली, हात स्टिअरिंगवर. अगदी धड्याप्रमाणे. मला तर गंमतच वाटत होती.

"मॅडम, काही घेतलंय का?"

"चहा."

नवीन नळी मागितली, दिली. फुंकलं. शून्य. खरं सांगते, त्या एवढ्याशा डबीचं मला कौतुक वाटलं. माणसाच्या एका श्वासातून ती त्याची आदली रात्र वाचते, आणि माझ्या श्वासात वाचण्यासारखं काही नव्हतं. मी हात पुढे केला, "किल्ली."

तिने किल्ली दिली नाही.

मला खाली उतरवलं, समोर उभं केलं. "माझ्या नाकाकडे बघा. किती बोटं?" तिने हात वर केला होता, दोन बोटं. मी दोन म्हटलं. तिने परत विचारलं. परत दोन. ती माझ्याकडे बघतच राहिली. दोनचे काही तीन होणार होते का? मग रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीवर चालायला लावलं. चालले. आता गुडघ्याने जरा दगा दिला तर त्याला मी काय करू.

मग मात्र माझा तोल गेला. धडा गेला खड्ड्यात. मी म्हटलं, या शहरातल्या अर्ध्या लोकांना मी गाडी शिकवलीय, तुमच्या साहेबांच्या सुनेलाही. हुज्जत घातली, ओळख सांगितली, आवाज चढवला. माझे विद्यार्थी बघायला नव्हते हे नशीब.

ती शांतपणे म्हणाली, "आकडा शून्य आहे, ते मी लिहून देते. पण आज गाडी तुम्ही नेणार नाही. डोळ्यांची तपासणी करून दाखला आणा आणि किल्ली घेऊन जा. घरच्या कुणाला तरी बोलवा."

नणंदबाई रिक्षाने आली. माझ्याकडे न बघता आधी तिने तो कागद वाचला. दोनदा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तक्रारअर्ज लिहायला बसले होते. नणंदबाई समोर येऊन बसली. "वहिनी, एक विचारते. चिडू नकोस. तू चोरून घेतेस का?"

कुणी तोंडात मारावी तसं झालं. तिने कपाटातून एक चिठ्ठी काढली. डिसेंबरपासूनच्या तारखा. दाराच्या चौकटीला खांदा आपटला. चहाच्या कपाला धक्का. पायरी चुकली. आरसा. परत आरसा. म्हणजे बाटली हुंगली ती सर्दीमुळे नव्हे. तीन महिने ही बाई माझी कपाटं धुंडाळत होती आणि मला वाटत होतं, घर आवरतेय.

मी म्हटलं, "मशीनने शून्य दाखवलंय ना? आता तरी विश्वास बसला?"

"बसला," ती म्हणाली, "म्हणून तर जास्त भीती वाटतेय. घेत असतीस तर सोडवली असती."

परवा तपासणीला जाते. दाखला आणून त्या अधिकारीबाईच्या टेबलावर आपटला नाही तर नाव लावणार नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

यंत्र म्हणजे एक मोठा पांढरा वाडगा. त्यात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कुठे बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. मी एक दिवा सोडला नाही. टक, टक, टक. नणंदबाईकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

डॉक्टरांनी छापलेला कागद समोर ठेवला. प्रत्येक डोळ्याचा एक गोल. दोन्ही गोलांचा डावा अर्धा भाग काळा.

"तुमचे डोळे उत्तम आहेत," ते म्हणाले. "अडचण डोळ्यांच्या मागे, मेंदूत आहे. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

मी म्हटलं, काहीतरी घोटाळा आहे. मला कुठेच काळं दिसत नाही.

"तुमच्या पाठीमागे आत्ता काय दिसतंय? काळं?"

"पाठीमागे काही दिसतच नाही."

"मग तसंच."

घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. नाकाकडे बघत डावा कान शोधला. नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाच्या मध्यभागी नजर लावली. सात ते अकरा नाहीत. आणि घड्याळ मात्र पुरं वाटतं, कुठे फाटलेलं नाही, भोक नाही. अर्धं जग काढून घेतलं आणि उरलेलं माझ्या मेंदूने इतकं बेमालूम शिवलं की मला टाकासुद्धा दिसला नाही. भीती वाटायला हवी होती. वाटलीच. पण त्याआधी मी थक्क झाले. इतकं हुशार काहीतरी माझ्या कवटीत बसून मला फसवत होतं आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती.

ही वहीपण उघडून पाहिली, मान पूर्ण वळवून. खरंच सगळी पानं अर्धी कोरी आहेत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पायी काकांच्या दुकानात गेले. "काका, त्या दिवशीचा सायकलवाला किती जवळ होता?"

काकांनी गळ्यातली टेप काढली, हातात धरली, मग परत गळ्यात टाकली. "जाऊ द्या ना, मॅडम."

"किती?"

त्यांनी टेबलावर हात पसरून दाखवला. एक वीत. दप्तर होतं त्याच्या पाठीवर, म्हणाले.

माझ्या पायाशी शिकवणाऱ्याचा ब्रेक असतो. तो मी दाबला नव्हता. ज्या पायाला मी तीन आठवडे शिव्या घातल्या, त्या पायाने ते पोर वाचवलं. मी काकांच्या पाया पडायला वाकले, तर ते दोन पावलं मागे सरकले आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. तक्रारअर्ज घरी येऊन फाडला.

४ मार्च, मंगळवार

मेंदूचा फोटो झाला. गाठ आहे, मोठ्या लिंबाएवढी. बहुतेक साधी असावी, असं सर्जन म्हणाले. बरीच वर्षं हळूहळू वाढत आलीय. आणखी काही महिने गेले असते तर फक्त नजरेवर भागलं नसतं. सोमवारी काढणार. नजर परत येईल का विचारलं तर म्हणाले, आधी गाठ काढू.

त्यांनी मला फोटो नीट दाखवला. ती गाठ सोडली तर बाकीचं सगळं किती सुंदर आहे. वळणावर वळणं, घाटाच्या रस्त्यासारखी. यातच कुठेतरी माझा क्लच आहे, माझा नवरा आहे, पुलाखालचा वळसा आहे. मी बराच वेळ बघत बसले. सर्जन घाई न करता थांबले.

९ मार्च, रविवार

उद्या ऑपरेशन. दवाखान्यात दुपारी एक बाई भेटायला आली, साध्या कपड्यांत. पलंगाच्या उजवीकडे येऊन उभी राहिली. "मॅडम, मला तुम्ही तेव्हाही ओळखलं नाही आणि आत्ताही ओळखत नाही."

आवाजावरून कळलं, ती अधिकारीबाई. पण ती वेगळंच काही म्हणत होती. "आठ वर्षांपूर्वी. तुम्ही मला ब्रेकबाई म्हणायचात."

अगं बाई. ती. पान हललं तरी ब्रेक मारायची. दोनदा नापास झाली होती.

मी विचारलं, शून्य आल्यावर किल्ली का नाही दिलीस?

"देणारच होते. तुम्हीच शिकवलंय, शून्य आलं की निघायचं. पण तुमची गाडी येताना मी पाहिली होती. प्यायलेला माणूस दोन्हीकडे डोलतो. तुम्ही फक्त डावीकडचे शंकू पाडत आलात, एकेक करून. आणि तुम्ही काही गाडी ठोकणाऱ्यातल्या नाही. म्हणून बोटं दाखवली. दोन्ही हात वर केले होते मी, मॅडम. डाव्या हाताची दोन आणि उजव्याची तीन. ती तीन तुम्हाला दिसलीच नाहीत."

म्हणजे शंकू मी पाडले होते. मी पोलिसांना नावं ठेवली होती.

नणंदबाई खिडकीशी उभी होती. ती पुढे आली आणि तिने ब्रेकबाईचा हात दोन्ही हातांत धरला. "माझ्या भावाला त्या दिवशी थांबवायला तुम्ही हव्या होतात," एवढंच म्हणाली. नऊ वर्षांत तिच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं. मग आम्ही तिघी रडलो, आणि परिचारिकेने येऊन विचारलं की काय झालं.

ब्रेकबाईने जाताना पाकीट ठेवलं. त्यात किल्ली होती. मी ती नणंदबाईकडे दिली.

२ एप्रिल, बुधवार

डोक्याला पट्टी आहे, पण शुद्ध आहे आणि मीच लिहितेय. गाठ साधी निघाली. नजर आली नाही, येईल असं वाटतही नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गाडी चालवायची नाही. परवाना परवा संपला. मी अर्ज केला नाही. दिवसभर छताकडे बघत पडले. हातपाय आहेत, सगळं येतं, आणि आता परत कधीच नाही. मन भरून रडून घेतलं.

संध्याकाळी एक शिकवणारी आली होती. तिला स्वतःची गाडी आणून आमच्याच ऑफिसातून, माझ्या आणि तिच्या नावाने शिकवणी चालवायची आहे. ब्रेकबाईनंतर माझ्याच हाताखाली शिकलेली. रस्ता तिचा, काकांचा उरलेला सरावही तिच्याकडे. पण 'थांबवलं तर'चा धडा मात्र मीच देणार, असं मी सांगून टाकलं. त्याला डावी बाजू लागत नाही.

नणंदबाईने पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ मारून दिलीय. लाल रेघ दिसेपर्यंत मान वळवायची, मग लिहायचं. बघा, आज पूर्ण पान भरलं.

१९ एप्रिल, शनिवार

काका परीक्षा पास झाले. बायकोला दवाखान्यात सोडून आम्हाला फिरवायला आले. मी मागे उजवीकडे बसले. नणंदबाईही आली, स्वतःहून, किती वर्षांनी.

पुलाच्या अलीकडे थांबवलं. एक नवीनच पोलीस होता. काकांची मान ताठ झाली. डावीकडे घेतली, इंजिन बंद, काच खाली, हात स्टिअरिंगवर. नवीन नळी मागितली. फुंकलं. शून्य. पोलिसाने किल्ली पुढे केली, पण काकांनी ती घेतली नाही. मी गेल्या आठवड्यात धड्याचं शेवटचं वाक्य बदललंय. ते त्यांनी पोलिसाला शब्दशः म्हणून दाखवलं. "साहेब, आकडा झाला. आता सांगा, माझी गाडी कशी चालत होती?"

हे त्याला कुणी कधी विचारलं नसावं. तो म्हणाला, "सरळ होती, काका. फक्त मधूनमधून उचक्या देत होती."

काकांनी किल्ली घेतली. मी हसायला लागले आणि हसता हसता माझ्या डोळ्यांसमोर तो दुसरा चौक आला, तो दुसरा पोलीस, "जा, जा" म्हणणारा. माझ्या डावीकडे अजिबात आवाज नव्हता.

आता घरात नणंदबाई पुन्हा माझ्या डाव्या बाजूला बसते. डॉक्टरांनीच सांगितलंय, आपलं माणूस नेमकं तिकडे बसवा, म्हणजे मान वळवायची सवय लागेल. गाडीतही ती तिकडेच बसली होती. मी मान वळवली, रेघ शोधताना वळवते तशी. आधी खिडकी आली, मग तिचा खांदा. तिने माझ्या बाहीचं टोक धरलेलं होतं, केव्हापासून कोण जाणे. ती हसत होती की रडत होती ते कळायला मला मान आणखी थोडी वळवावी लागली.